फुगलेला डबा

स्टोअरकीपरची नोकरी संपली, पण स्टोअरकीपर काही संपला नव्हता. छत्तीस वर्षं नट-बोल्ट, बेअरिंग आणि तारांची भेंडोळी सांभाळलेला माणूस तो. निवृत्त झाल्या झाल्या त्याने घरचं गॅरेज ताब्यात घेतलं. गाडी बाहेर उन्हात, आणि आत फळ्यांवर वर्षभराचं सामान: पीठ, तेल, वाटाण्याचे सीलबंद डबे. जुनं पुढे, नवं मागे, प्रत्येकावर तारीख. एखाद्या डब्याची काय बिशाद होती रांगेबाहेर जायची!

"बाबा, वर पत्रा आहे. आत नुसती भट्टी झालीय," लेक म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. "हे सगळं घरात हलवा."

"तारीख दोन वर्षं पुढची आहे," तो म्हणाला. "मला नको शिकवूस."

शिकवायच्या भानगडीत ती पडलीच नाही. खिळ्याला थर्मामीटर अडकवला आणि कामावर निघून गेली.

दुपारी त्याने सहज पाहिलं, तर पारा पंचेचाळीसवर! नट-बोल्टांना ऊन लागत नाही, त्यामुळे छत्तीस वर्षांत त्याने कधी पारा बघितलाच नव्हता. आता मात्र तो एकेका डब्यावरून हात फिरवत गेला. तारखा सगळ्या बरोबर होत्या. वाटाण्याच्या तीन डब्यांची झाकणं टम्म फुगली होती, म्हणजे आतला माल नासलेला.

सकाळीच त्याच रांगेतला एक डबा त्याने ताईला नेऊन दिला होता. थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. फोन लावला, उचलेना. तिचा फोन कायम कुठल्या तरी उशीखाली! मग तो घरातल्या चपलांवरच पळत सुटला, बासष्टाव्या वर्षी, भर उन्हात.

ताई ताट वाढून बसली होती. पहिला घास हातात. त्याने ताटच ओढून घेतलं.

"अरे, वेड लागलंय का तुला?"

"खाल्लेस का वाटाणे? आधी सांग, खाल्लेस का?"

"आत्ता तर बसतेय."

तो मटकन खाली बसला. धाप लागली होती, तरी आवाज चढलाच. "डबा फुगलेला असणार, ताई! दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," ताई म्हणाली. "उघडताना फुस्सकन पाणीसुद्धा उडालं. पण म्हटलं, तू दिलायस म्हणजे बघूनच दिला असशील."

त्याला तारखेबद्दल काहीतरी सांगायचं होतं.

"नव्हता बघितला गं," तो म्हणाला, आणि ताट मांडीवर धरून रडायलाच लागला.