खोक्यावरचं दुसरं नाव

कावेरी खडोलीच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर इंजेक्शनं खोक्यांत भरायची. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर पद्मजा मॅडमनी लाइनवरच्या बायकांना बजावलं होतं, "माल घेणारी पार्टी बदलली की वरचं नाव बदलतं. मूळ औषधाचं नाव जगभर एकच. नजर त्याच्यावर ठेवा, चुकलात तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल." तेव्हापासून खोकं हातात आलं की तिची नजर आधी त्या दुसऱ्या नावावर जायची.

रविवारी आमलीतल्या राहत्या खोलीत केर काढताना सासूच्या, भिमाबाईंच्या, खाटेखालून एक हिरवं खोकं निघालं. वरचं नाव अनोळखी. खालचं मात्र रोज आठ तास हाताखालून जाणारं: फ्लुफेनाझिन डेकॅनोएट.

तिनं खोकं उलटून पुन्हा वाचलं. हे औषध डोक्याच्या आजारावर देतात, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तिच्या नवऱ्याला, लखनला, सासू महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणायची. "ताकदीची आहे, लहानपणी कावीळ झालेली ना," असं सांगायची. लग्नाला तीन वर्षं झाली, कावेरी सुईच्या दिवशी त्याच्यासाठी हौसेनं शिरा करत आली होती.

"आई, हे काय?"

भिमाबाईंनी खोक्याकडे नीट पाहिलंही नाही. "ताकदीचंच."

"मी रोज भरते हे. मला नका शिकवू."

"मग ऐक बाई. गोळ्या दिल्या की थुंकायचा. भिंतीशी भांडायचा. सुई सुरू झाली तसा माणसात आला. तुझं काय वाईट झालं?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या भावाला समोर बसवून सांगितलं होतं. आम्ही कुणाला फसवलं नाही."

वडील गेल्यावर झुंबरदादानंच तिला वाढवलं होतं. नाल्याला पाणी आलं की खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"दादा, लखनचं तुला माहीत होतं?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "तुला सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस का?"

"म्हणून विचारलंच नाहीस?"

"सुखात आहेस ना गं?"

तिनं फोन ठेवला. दारात लखन उभा होता, किती वेळ कोण जाणे.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवाळीला. पण तू कारखान्यातली गंमत सांगत होतीस. कुणी चुकलं की बायका म्हणतात, वेड्यांची सुई तुलाच टोचू का. किती हसलीस तू."

कावेरीला खाली बघावं लागलं. त्याच्यावर काढायचा राग तोंडातच राहिला.

"शुक्रवारी सुईला जायचंय," तो हळूच म्हणाला.

"मी येईन. आई घरी राहतील. डॉक्टर काय ते माझ्यासमोर बोलतील."

झुंबरदादाचा फोन दोनदा येऊन गेला. कावेरीनं उचलला नाही, आणि त्या वर्षी ती भाऊबीजेलाही माहेरी गेली नाही.