दर दहा मिनिटांनी

सेंट्रिफ्यूज सुरू झालं की ताईला दहा मिनिटं मोकळी मिळत. रक्ताच्या नळ्या समोरासमोर तोल साधून बसवायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मग यंत्र आपलं घुमत राहतं, आणि नळीत खाली लाल, वर पिवळसर असे थर वेगळे होतात. तोवर माणसाला काही काम नसतं. अठरा वर्षं ही दहा मिनिटं तिने खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघण्यात घालवली होती. गेले सात महिने मात्र ती मोबाइल काढून धाकट्या बहिणीचं पान उघडत होती.

पान साधंच होतं. वर नाव, खाली तीन रंगीत ठिपके, त्याखाली एक आकडा: आजवर पाठवलेले रिपोर्ट. आकडा वाढलेला असला की ताईच्या पोटात दुखायचं. वाढलेला नसला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटायची. एवढं सगळं उरकेपर्यंत यंत्र थांबायचं आणि ती नळ्या काढायला उठायची.

कारण ठिपके तिचे होते. रजिस्टरच्या समासात ती नमुना घेतला की पिवळा ठिपका काढायची, तपासायला लावला की निळा, रिपोर्ट तयार झाला की हिरवा. पेशंटचा फोन आला की पान उलटायचं आणि ठिपका बघून उत्तर द्यायचं. ही पद्धत तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढली होती. तिचं कौतुक कुणी केलं नाही. बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? बघितलं ते धाकटीने. एकदा विसरलेला चष्मा द्यायला म्हणून लॅबमध्ये आली, अर्धा तास स्टुलावर बसली, आणि पुढच्या तीन महिन्यांत तेच ठिपके तिने पडद्यावर नेऊन बसवले. छोट्या लॅबने नमुन्याची नोंद करायची, पेशंटने घरबसल्या ठिपका बघायचा. हिरवा झाला की रिपोर्ट आपोआप त्याच्याकडे. आयत्या बिळावर नागोबा, असं ताई मनात म्हणायची. तोंडाने म्हणायची, ‘छान झालंय.’

बरं, नागोबाने बिळात स्वतःचं काही घातलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण धाकटीचा सगळा संसार फुकटातला. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून ती प्रोग्रॅमिंग शिकली ती फुकटच्या धड्यांवर. सर्व्हर फुकट, नोंदी साठवायची जागा फुकट, चित्रं फुकट. एका खात्यातून दिवसाला शंभर मेल फुकट जात, म्हणून शंभर भरले की दुसरं खातं. पानाला स्वतःचा पत्ता घेतला नव्हता. सासरचं आडनाव लागावं तसं मागे सर्व्हरवाल्यांचं नाव लागलेलं.

‘फुकटचं घेते, पण पुरवून वापरते हो,’ असं आई येईल त्याला सांगायची. ताईने धाकटीला बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं होतं, तेही फुकटच. पण या यादीत ते कुणी धरत नव्हतं.

त्या रविवारी दोघी आईकडे जमल्या होत्या. धाकटीने चहाचा कप बाजूला सारला आणि लॅपटॉप ताईसमोर ठेवला.

‘ताई, तुला एक गंमत दाखवायचीय. आईला दाखवली, पण तिला काही कळलं नाही.’

‘कळलं मला,’ आई म्हणाली. ‘कुणीतरी मोठं माणूस तुझ्यावर नजर ठेवून आहे.’

‘माझ्यावर नाही गं, पानावर.’ धाकटी ताईकडे वळली. ‘हा फुकटचा सर्व्हर आहे ना, तो पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपतो. मग जो पहिला येईल त्याच्यासमोर मिनिटभर नुसतं चक्र फिरत राहतं. सकाळी नवापर्यंत चारही लॅबवाले माझ्या नावाने खडे फोडतात. पण नवानंतर एकाचीही तक्रार नाही. मला कळेना, हा दिवसभर जागा कसा राहतो? म्हणून मागच्या आठवड्यात पाहुणे मोजायचं एक साधन जोडलं.’

‘फुकटचं,’ ताई म्हणाली.

‘अर्थात. जुन्या नोंदी सर्व्हरवर होत्याच, त्याही त्यात घातल्या. आता बघ.’

पडद्यावर आलेख होता. सकाळी नऊपासून पाचपर्यंत उभ्या रेघा, एकसारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. दीड ते दोन कंगवा तुटलेला. रविवार रिकामा.

‘हा एकच पाहुणा आहे. शहर आपलंच. दहा-बारा मिनिटांनी येतो, आकडा बघतो, जातो. सात महिने! मी मोठ्या हॉस्पिटलला पत्र पाठवलं होतं ना, त्याच आठवड्यापासून. ते लोक चाचणी घेताहेत, ताई. एवढी शिस्त दुसऱ्या कुणात असणार?’

ताई आलेखाकडे बघत राहिली. दहा मिनिटं घुमण्याची, एक-दोन मिनिटं नळ्या काढून नव्या बसवायची. दीड ते दोन जेवण. मधे एका मंगळवारी दुपारनंतर रेघा नव्हत्या. त्या दिवशी दाढ काढायची म्हणून ती अर्धी रजा टाकून गेली होती. कुणी आपल्या पोटदुखीचा रक्ततपासणी अहवाल छापून भिंतीवर लावावा, तसं तिला वाटलं.

‘उद्या राजीनामा देतेय,’ धाकटी म्हणाली. ‘दुपारी तीनला साहेब भेटणारेत. ते हॉस्पिटल आलं की नोकरी करून हे निभणार नाही, आणि आत्ताच तयारी नको का?’

‘तू थोरली,’ आई ताईला म्हणाली. ‘तूच सांग काय ते.’

तेव्हाच सांगता आलं असतं. पण आईच्या चेहऱ्यावर धाकटीसाठी जे होतं, ते ताईने स्वतःसाठी कधी पाहिलं नव्हतं. आणि पोटाच्या आत, नेहमीच्या जागी, कुणीतरी अगदी हळू म्हणालं: देऊ दे की राजीनामा.

‘विचार करून कर,’ ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

सोमवारी तिने मोबाइल पर्समधून काढलाच नाही. यंत्र घुमायला लागलं की हात आपोआप पर्सकडे जायचा. ती तो ॲप्रनच्या खिशात घालायची. समोरची भिंत सात महिन्यांत जास्तच कळकट झाली होती. एकदा तर दोन नळ्या तिने एकाच बाजूला बसवल्या. यंत्र धडधडायला लागलं आणि डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, ‘आज काय झालंय तुम्हाला?’ अठरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

सव्वादोनला धाकटीचा फोन आला.

‘ताई, ते आज आलेच नाहीत.’

‘कोण?’

‘हॉस्पिटलवाले. सकाळपासून एकही रेघ नाही. सर्व्हर सारखा झोपतोय, दोन लॅबवाले मला फाडून खाताहेत.’

‘मग राजीनामा नाही ना देत?’ ताईने विचारलं. आपला आवाज सुटका झाल्यासारखा आला की निराश झाल्यासारखा, ते तिलाही कळलं नाही.

‘छे, देणार तर! उलट आता खात्रीच झाली. चाचणी संपली म्हणजे निर्णय झाला. नाहीतर अचानक का थांबतील?’

ताईने डोळे मिटले. रेघा आल्या तर हॉस्पिटल येणार. रेघा थांबल्या तरी हॉस्पिटल येणार. हिला शिकवलं कुणी? आपणच. निरीक्षण वेगळं, निष्कर्ष वेगळा, हे वहीत तीनदा लिहून घेतलं होतं. माया, कर्तव्य, थोरलेपण या सगळ्यांनी मिळून जे तिच्याकडून रविवारी वदवलं नव्हतं, ते या एका चुकीच्या निष्कर्षाने वदवलं.

‘ती मी होते,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं घुमतं. तेवढ्यात बघायचे.’

पलीकडे कुणीतरी कागद ठोकून सारखे करत होतं, तो आवाज थांबला.

‘दीड वाजता?’

‘जेवायला जाते.’

‘आणि तो मंगळवार?’

‘दाढ.’

मग धाकटीने विचारलं, ‘का गं?’

‘आकडा थांबतो का ते बघायला,’ ताई म्हणाली. ‘ठिपके माझे होते.’

‘तुझेच आहेत. मी विचारलं होतं तुला. चष्मा द्यायला आले होते तेव्हा. तू म्हणालीस, घे की, ठिपक्यांचं काय एवढं.’

ताईला ते आठवलं. वर न बघता म्हणाली होती, नळीवर लेबल चिकटवता चिकटवता.

‘काल का नाही बोललीस?’ धाकटीचा आवाज आता कोरडा झाला होता. ‘तीनला मी ते पत्र दिलं असतं.’

‘माहीत होतं.’

‘बरं.’ सेंट्रिफ्यूज घुमायचं थांबलं, तरी ताई उठली नाही. मग धाकटीने नाक ओढलं. रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. ‘सात महिने, ताई. सर्व्हर जागा ठेवायचं साधन मी सगळ्या जगात शोधत होते. तेही फुकटातलं.’

ताईने सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं.

‘लॅब साडेसातला उघडतात,’ धाकटी म्हणाली. ‘बघायचंच आहे तर तेव्हापासून बघ. नऊपर्यंत फार शिव्या खाव्या लागतात मला.’ आणि तिने फोन ठेवला. ‘येते’ नाही, ‘ठेवते’ नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला, चहाचं पाणी ठेवून ताईने पान उघडलं. चक्र फिरत राहिलं. मिनिटभर, चांगलं मोजून. मग ठिपके आले, आणि त्याखाली आकडा. शनिवारपेक्षा अठ्ठावीसने जास्त.

पोटात नेहमीच्या जागी दुखलं. तिने घड्याळात बघितलं आणि दहा मिनिटांचा गजर लावला.