मागे ठेवायचा तुकडा

तिने पिशवीच्या नळीचा गोठलेला तुकडा कात्रीने कापला आणि वितळायला ठेवला.

नाळेच्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीला असे दोन तुकडे असायचे. एक तपासायला, दुसरा कायम मागे ठेवायला. एका आजारी मुलीला अशा रक्तातल्या पेशी हव्या होत्या आणि तिच्याशी दोन पिशव्या सारख्याच जुळत होत्या. जिच्यातल्या पेशी जास्त जिवंत, ती जाणार. रक्तपेढीत निवडायचं काम हिचं. आणि त्यातली ही पिशवी हिच्याच लेकीची होती. सहा वर्षांपूर्वी, बाळंतपणाच्या खाटेवर हिनेच हौसेने दानाच्या कागदावर सही केली होती. लेक दीड वर्षाची असताना तापाने गेली. पिशवीचा नंबर हिला तोंडपाठ होता. इथे कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या पिशवीतल्या शंभरातल्या एक्याऐंशी पेशी जिवंत निघाल्या होत्या. या पिशवीतल्या त्र्याण्णव निघाल्या.

"चला, सुटलो!" फ्रीझर सांभाळणारे काका म्हणाले. "हीच पाठवायची."

"मशीन चुकतंय. पुन्हा बघते."

"अहो ताई, मशीनला नावं ठेवू नका, माझ्यापेक्षा शहाणं आहे ते. आणि बघणार कशावर? दुसरा तुकडा मागे ठेवायचा असतो."

"द्या म्हटलं ना!"

काकांनी दुसरा तुकडा आणून दिला. आकडा ऐंशीच्या खाली यावा, असं ती मनातल्या मनात घोकत राहिली. तिकडे कुणाची तरी पोर मरणाच्या दारात आहे आणि आपण हे काय मागतोय, या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी घोकत राहिली.

पंचाण्णव.

"कार्टी," ती पुटपुटली. "कधी म्हणून ऐकलं नाही माझं."

मग तिने पिशवी पाठवायच्या कागदावर सही केली. काकांनी पिशवी धुरकट थंडीच्या डब्यात ठेवली, झाकण आवळलं. न्यायला आलेला माणूस डबा घेऊन गेलासुद्धा.

"या नंबरचं मागे काहीच राहिलं नाही, असं लिहू ना?" काकांनी विचारलं.

"लिहा. माझ्याच हट्टाने गेलं."

"ती मुलगी केवढी आहे हो?"

"सहा वर्षांची," ती म्हणाली. "तेवढीच."

काकांनी कचऱ्याचा डबा पुढे केला. नळीचे दोन्ही रिकामे तुकडे तिच्या मुठीत होते.

"टाका ताई. त्यात आता काही नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मूठ मात्र तिने उघडली नाही.