मागच्या बाकाशेजारची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मेढ्याजवळच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, शेवटच्या बाकाशेजारी माझी जागा. सुताराने मला दोन हात दिले होते, त्यातला एकच उरला आहे.

मित्रांनो, माझ्यावर बसत ते तपासणीला आलेले साहेब. चहा घ्यायचे आणि वहीत शेरा मारायचे. अशाच एका शेऱ्यानं एका गुणी बाईंची बदली पार महाबळेश्वरापलीकडे झाली. तेव्हापासून वही घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय येतो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तशी माझी गत.

यंदा आसपासच्या तीन शाळांतल्या शिक्षकांनी गट केला. एकमेकांच्या तासाला बसायचं, मग सगळ्यांनी मिळून पाठ सुधारायचा. ऐकायला गोड! आमच्या राजाराम गुरुजींनाही ते पटेना. निवृत्तीला नऊ महिने उरले होते. जाता जाता नावाला बट्टा लागला तर, हीच त्यांना धास्ती.

पहिल्याच दिवशी शेजारच्या गावच्या अक्षता मॅडम वही घेऊन माझ्यावर बसल्या. गुरुजी वजाबाकी शिकवत होते, बेचाळीसातून सतरा. मॅडम फळ्याकडे बघतच नव्हत्या, नुसतं लिहीत होत्या. गुरुजींच्या हातातला खडू दोनदा मोडला. मी म्हटलं, झालं, गेले आमचे गुरुजी!

तास संपताच गुरुजी तरातरा मागे आले. "मॅडम, काय लिवलंय त्ये आदी दावा."

मॅडमनी उठून वही पुढे केली. त्यात गुरुजींबद्दल एक अक्षर नव्हतं. होतं ते शेवटच्या बाकावरच्या सृष्टीबद्दल. 'शेजारून दहा उसने घेते. चार खोडून तीन करते. मग तीन पुसून पुन्हा चार लिहिते. उत्तर पस्तीस.'

गुरुजी तिच्यापाशी वाकले. "सृष्टे, तीन का पुसलंस गं?"

"उसनं घेतल्यालं परत द्याया लागतंय न्हवं, गुरुजी? आई म्हणती, ठिवून घ्यायचं न्हाई."

गुरुजी मटकन माझ्यावर बसले. "आवं मॅडम, बत्तीस वर्सं मी ह्योच शब्द वापरतोय. किती पोरांनी इमानानं परत केलं आसंल, आन् मी त्यांना मठ्ठ म्हणलो." मलाही फार वाईट वाटलं.

गटानं मिळून पाठ बदलला. आता 'उसने' हा शब्दच नाही, काड्यांची दहाची जुडी सुटी करून वजाबाकी शिकवतात.

मित्रांनो, माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. वही उघडली की माझे पाय आजही लटपटतात. तरी एक मागणं आहे. कुणाला मठ्ठ म्हणण्याआधी 'असं का केलंस?' एवढं विचारा. सृष्टीच्या खोडरबराचा आवाज मी रोज ऐकत होते. पण माझं सगळं लक्ष दाराकडे, कोण वही घेऊन येतंय तिकडे होतं.