राणीचा कप

रेनेलला निबंधस्पर्धेत पहिला नंबर मिळाला. पण तसं काही झालंच नाही, असं ती सकाळपासून धरून चालली होती. विजेत्याला आपला इंग्रजी निबंध सगळ्यांसमोर वाचायचा होता.

विषय होता, इंग्रज गेले तरी मनातून न गेलेली गुलामी. उदाहरणाला त्रिनिदादहून टोरांटोत आलेली, इंग्लंडच्या राणीचं चित्र असलेला कप दर रविवारी पुसणारी एक बाई. नाव दिलं नव्हतं, पण कप आईचाच होता, आणि आईला इंग्रजीखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती.

"अगं, अख्खं चर्च येतंय," आई फोनवर म्हणाली. "मी पहिल्या रांगेत. कपही आणते, बक्षिसाशेजारी शोभेल."

रेनेलने फोन ठेवला. मग तिने अर्ज लिहिला: 'माननीय परीक्षक समितीस नम्र विनंती, की वाचनाच्या दिवसापुरते अर्जदाराच्या आईस इंग्रजी येत नसल्याचे जाहीर करण्यात यावे.'