चुनखडीची चव

उमरेडहून शहराकडे निघालेल्या एसटीत रुपरावांनी बरणी मांडीवरच घेतली होती. कंडक्टर खाली ठेवा म्हणाला, पण ऐकतात कसले! आत त्यांच्या स्वतःच्या काळ्या द्राक्षांची वाइन होती. संत्र्यांच्या मुलखात द्राक्षं लावली म्हणून गावाने त्यांना कधीच वेड्यात काढलं होतं. जमीन वरून काळी, हातभर खाली चुनखडी, आणि उन्हाळा तर विचारूच नका. "वेल तहानला का रस घट्ट येते," असं ते येईल-जाईल त्याला सांगत. एखाद्या जाणत्या माणसाने ती वाइन चाखून चांगली म्हणावी, एवढीच त्यांची हौस राहिली होती.

म्हणून वाइन घेऊन या असा मुलाचा निरोप आला तेव्हा म्हातारा हरखला. मुकुंद शहरात धरमपेठेत राहायचा, कारखान्यात इंजिनिअर होता. त्याचे सप्रेसाहेब फ्रान्समध्ये राहून आलेले. ते रविवारी जेवायला येणार होते आणि मुकुंदची बढती त्यांच्याच हातात होती.

पण बापाची घरगुती वाइन म्हणून ती साहेबांपुढे ठेवायची मुकुंदला लाज वाटत होती. स्वयंपाकघरात त्याने ती क्लबातून आणलेल्या रिकाम्या फ्रेंच बाटलीत ओतली.

"बाटली झ्याक हाय गा!" रुपराव कौतुकाने म्हणाले. मुकुंदने बाटली पुसून टेबलावर नेली.

जेवायला बसल्यावर साहेबांनी घोट जिभेवर घोळवला. "वा! काय दाट आहे! द्राक्षांनी ऊन भरपूर खाल्लेलं दिसतंय. आणि मागून येणारी ही चव... जमीन चुनखडीची असणार. कुठून मिळवलीत?"

रुपराव रश्शाचं भांडं घेऊन दारातच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मुकुंदला दिसला. त्याने नजर वळवली.

"फ्रान्सहून, सर. मित्राने पाठवली."

"तरीच! आपल्याकडे असलं पिकायचं नाही. काय हो रुपराव, तुम्ही शेतकरी माणूस. पिकेल का?"

रुपरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं. "नाही जी साहेब. आपल्या मातीत कायचं होते असं!" असं म्हणून त्यांनी रस्सा वाढला.

मुकुंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला अजून वेळ गेली नव्हती, साहेब समोरच बसले होते. पण त्याने साहेबांचा पेला पुन्हा भरला.

साहेब गेल्यावर रुपराव मोरीवर ती बाटली विसळत बसले. मुकुंद जवळ जाऊन उभा राहिला. बापाने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, मी..."

"मुकुंदा, साहेबानं चुनखडी वळखली नं?"

"ओळखली, बाबा."

"एक डाव आयकून पोट नाही भरलं माह्यं. का म्हणे साहेब? पुन्हा सांग नं गा."

मुकुंदने साहेबांचा शब्दन् शब्द पुन्हा सांगितला. सांगताना त्याला बापाच्या तोंडाकडे बघवेना.