कोणत्या गल्लीची काकडी?

ताश्कंदच्या सांडपाणी केंद्रात झुल्फिझार शुद्ध केलेल्या पाण्यावर, मातीचा कणही न वापरता काकड्या पिकवायची. एकदा मोहल्ल्यातले इर्गाश आजोबा त्या चाखायला आले आणि नाक मुरडून बसले.

"आजोबा, पाणी चारदा गाळलंय हो!"

"शंभरदा गाळ, पोरी! पलीकडच्या गल्लीत माझे व्याही राहतात. त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या पोटात? शक्यच नाही!"

झुल्फिझारनं कपाळावर हात मारला. मग तिनं टोकाच्या वेलीची काकडी तोडली. "ही घ्या, फक्त तुमच्या गल्लीच्या पाण्यावरची."

आजोबांनी कचकन चावा घेतला आणि डोळे मिटले. "वा! आमच्या घरच्या पुलावाची सर आहे हिला!"

दुसऱ्या दिवशी व्याही दारात हजर. "आमच्या गल्लीची काकडी कुठली गं?"

झुल्फिझारनं त्याच वेलीची दुसरी तोडली.